दुसरी सही

"नुसतं नाव लिहायचंय तुम्हाला," व्हर्नेल मॅबरी म्हणाली. "तेही आठवेना का?"

सिनेटर हॉलब्रुक यांनी टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. हात लावला नाही. कागदावर चार ओळींची हरकत होती : आमच्या राज्यातला राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल आम्हाला मान्य नाही, त्यावर चर्चा व्हावी. खाली सहीसाठी दोन रेघा. पहिलीवर व्हर्नेलची सही झाली होती. ती प्रतिनिधिगृहाची सभासद. दुसरी रिकामी होती. तिथे सिनेटरची सही लागते. शंभरांपैकी कुणाही एकाची चालते, पण ती नसली तर हरकत वाचूनसुद्धा दाखवत नाहीत.

बारा वाजून गेले होते. एक वाजता दोन्ही सभागृहं एकत्र बसणार, राज्याराज्यांची मतं मोजणार आणि विषय कायमचा मिटणार. व्हर्नेल सकाळपासून सिनेटरांची दारं ठोठावत होती. कुणी बैठकीत होता, कुणाला ताप आला होता. एकाने तर तिला मिठी मारली, डोळे पुसले आणि सही केली नाही. हॉलब्रुक शेवटचे. आणि हक्काचे, असं तिला वाटत होतं.

"व्हर्नेल, निकाल काही बदलणार नाही."

"बदलेल असं मी म्हटलं का? दोन तास चर्चा होईल. एकट्या माझ्या काउंटीतल्या अकराशे काळ्या माणसांची नावं मतदार यादीतून का उडवली, ते कुणाला तरी उभं राहून सांगावं लागेल. आमच्या राज्यात चारशे मतांनी जिंकलेत ते, सिनेटर. चारशे!"

"देशाला आता शांतता हवी आहे. आणि पक्षात ठरलंय, सही कुणी करायची नाही. मी शब्द दिलाय."

"शब्द आम्हालाही दिला होतात. आमच्या चर्चमध्ये, तळलेला मासा खाता खाता. तिसरा तुकडा मीच वाढला होता."

हॉलब्रुक हसले. पेनाला टोपण लावून त्यांनी ते खिशात ठेवलं.

"तू बोल ना. छान बोलतेस तू."

व्हर्नेलने कागद उचलला. दार तिने आपटलं. इतक्या वर्षांत ती असं वागली नव्हती.

वरच्या गॅलरीत डीकन लेमुएल प्रूएट बसले होते. तिच्या चर्चमधले हे सगळ्यांत जुने डीकन, म्हणजे पाद्र्यांचे मदतनीस, वय एकोणऐंशी. मतदानाच्या दिवशी ते टाय लावून शाळेत गेले, तर टेबलामागच्या मुलीने यादीवर बोट फिरवलं आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "तुम्हाला शिक्षा झालेली आहे, आजोबा. तुम्हाला मत नाही." मागे रांगेत अख्खं चर्च उभं होतं. डीकनांनी जन्मात कुणाची कोंबडीसुद्धा पळवली नव्हती. दुसऱ्या कुठल्या तरी काउंटीत त्यांच्याच नावाचा एक चोर होता. यादी साफ करणाऱ्यांनी दोघांनाही साफ केलं. आता ते चौदा तास बसमध्ये बसून वॉशिंग्टनला आले होते. व्हर्नेलकडे त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. "माझं नाव तिथं मोठ्यानं वाच, लेकी. मी चोर नाही, एवढं म्हण."

त्यांच्या राज्याची पाळी आली. व्हर्नेल उठून माइकपाशी गेली.

"हरकत लेखी आहे का?" खुर्चीवरच्या अध्यक्षांनी विचारलं.

"आहे."

"सिनेटरची सही आहे?"

सिनेटर बसले होते तिकडे ती वळली आणि एकेका तोंडाकडे पाहत राहिली. काळा चेहरा त्यांत एकही नव्हता. त्या वर्षी सिनेटमध्येच एकही नव्हता. कुणी बुटांकडे पाहत होतं, कुणी शेजाऱ्याच्या कानात बोलत होतं. हॉलब्रुक काहीतरी वाचत होते.

"सही आहे का, बाई?"

"नाही. पण नाव आहे. लेमुएल—"

हातोडा आपटला. "हरकत घेता येणार नाही."

"लेमुएल प्रूएट! हा माणूस—"

माइक बंद झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "बसा खाली!" लोक हसले. पुढच्या राज्याचं नाव पुकारलं गेलं.

व्हर्नेल बाहेर आली तेव्हा डीकन गॅलरीच्या जिन्याखाली उभे होते. टोपी हातात होती. तिला त्यांच्याकडे बघवेना. ती रागावली होती, पण बोलायला गेली तर तोंडातून निघाली ती माफी.

"माझ्या हातात नव्हतं, डीकन. काय करणार, नियमच तसा आहे."

डीकनांनी कागद मागून घेतला. चष्मा लावला. खालच्या रिकाम्या रेघेवर त्यांची नजर बराच वेळ थांबली.

"किती जणांना विचारलंस?"

"वीस."

"मी नऊ जणांना विचारलं होतं," डीकन म्हणाले. "साठ साली. दुकानदार, डॉक्टर, ज्याच्या शेतात राबायचो तो मालक."

"काय विचारलं होतं?"

"मतदार यादीत नाव घालायचं होतं माझं." त्यांनी कागदाची घडी केली आणि तिच्या हातात दिली. "कचेरीतला माणूस म्हणाला, अर्ज एकदम बरोबर आहे तुझा, आता फक्त एका गोऱ्या माणसाची सही आण."