बाईंचं पान आणि कात्री

"अहो, ऐकलंत का? हा कोण मेला कात्री माझं पान उडवायला निघालाय!"

सरांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "कसली कात्री?"

"ऑनलाइन विश्वकोशात. नावच घेतलंय 'कात्री'. म्हणतो, टंकसखीच्या पानावर माहिती कमी आणि पायऱ्याच जास्त. ही शिकवणी आहे, विश्वकोशात हिला जागा नाही, पान वगळा. आगाऊ कुठला!"

"असेल तसा नियम."

"चुलीत घाला तो नियम!"

बाई खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज असा चढला होता. सरांनी पेपर आणखी वर धरला, कारण त्यांना हसू आवरत नव्हतं.

कात्री म्हणजे तेच होते.

करणार काय? दोघांनी मिळून चालवलेला कॉम्प्युटर क्लास बंद झाला आणि घराचा आवाजच गेला. क्लासात सर थिअरी शिकवायचे, बाई प्रॅक्टिकल, आणि आधी काय शिकवायचं यावरून रोज खडाजंगी व्हायची. आता आमटीत मीठ नसलं तरी कुणी बोलत नव्हतं. सरांचं स्वतःचं तसं बरं चाललं होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. पेपर असायचा समोर, मग तो कालचा का असेना. पण बाई खिडकीशी तासन्‌तास बसून राहायच्या. "काय झालं?" विचारलं तर "कुठे काय" एवढंच. अशी बसलेली माणसं हळूहळू मिटत जातात, सरांच्या थोरल्या भावाचं तसंच झालं होतं.

मग त्यांना ते पान आठवलं. टंकसखी हे टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर, आता त्याला कुणी विचारत नाही. विश्वकोश नवा नवा होता तेव्हा ते कसं वापरायचं ते बाईंनी हौसेने पायरीपायरीने लिहून टाकलं होतं. 'पायरी पहिली : घाबरू नका, कॉम्प्युटर चावत नाही.' पान नियमात बसत नव्हतं हे खरंच. सरांनी गुपचूप नवं खातं उघडलं आणि चर्चापानावर काडी टाकली.

"विश्वकोशाने हातोडा म्हणजे काय ते सांगावं," कात्रीने लिहिलं. "खिळा कसा ठोकायचा ते नव्हे."

"बोट ठेचल्याशिवाय हातोडा कळत नाही, कात्रीसाहेब," बाईंनी ठणकावलं.

उत्तर टाकलं की त्या म्हणायच्या, "जा हो, आत जाऊन जरा पडा. दमलेले दिसताय." सर मुकाट्याने आतल्या खोलीत जायचे, दार लोटून घ्यायचे आणि मोबाइल काढायचे.

वाद रंगला तसा जेवणाच्या टेबलावर क्लास परत आला.

"आठवतं का हो, मुलं चपला बाहेर काढून यायची? मशीनला धूळ चालत नाही म्हणून. आणि जाताना एकमेकांच्या घालून जायची."

"आणि वीज गेली की सगळा वर्ग एका सुरात बोंबलायचा."

"मी ओरडायचे, सेव्ह केलं होतं का? एकानेही केलेलं नसायचं!"

"तू तरी कुठे केलेलं असायचंस?"

"मशीनना झाकणं शिवली होती मी, पडद्याच्या कापडाची. फुलाफुलांची."

"ती बघून एका बापाने विचारलं होतं, शिवणक्लास हाच का म्हणून."

घास हातात धरून दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सरांना त्या खोलीचा वाससुद्धा आठवला, तापलेल्या प्लास्टिकचा आणि ओल्या छत्र्यांचा. किती साधे दिवस होते, आणि किती चांगले. ते दिवस पुन्हा हवेत असं त्यांना फार वाटलं.

कात्रीही पेटला होता. सर दाढी करता करता वाक्यं जुळवायचे, जुन्या वादांचे दाखले हुडकायचे, सकाळी दुसऱ्यांदा चहा मागायचे. आपलंच पान आहे हे विसरून एके दिवशी त्यांनी असा मुद्दा मांडला की स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी विश्वकोशाच्या प्रचालकाने, म्हणजे असे वाद निकाली काढणाऱ्याने, लिहिलं, "कात्री यांचा मुद्दा बिनतोड आहे. पान वगळण्यात येत आहे."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच! त्यांनी घाईघाईने लिहिलं, "मी माघार घेतो. पान राहू द्या." प्रचालकाचं उत्तर लगेच आलं, "मुद्दा बरोबर आहे. मांडणाऱ्याने माघार घेतली म्हणून तो चुकीचा ठरत नाही."

दुपारपर्यंत पान गेलं.

सर खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. बाई आता पुन्हा खिडकीशी जाऊन बसणार, आणि या खेपेला आपल्यामुळे. शेवटी त्यांनी ठरवलं, सगळं सांगून टाकायचं. चिडली तर चिडू दे, निदान बोलेल तरी. त्यांनी हळूच दार उघडलं.

बाई पाठमोऱ्या बसून लेकीशी फोनवर बोलत होत्या.

"हो गं, उडवलं पान. आत्ताच बघितलं."

सर दारातच थबकले. पुढे व्हायचा धीर होईना.

"मला कसलं वाईट वाटतंय? त्या जुनाट पानाचं काय लोणचं घालायचंय! मला काळजी तुझ्या बाबांची. किती दिवसांनी पोटभर जेवायला लागले होते गं, हसायला लागले होते. नाही नाही, त्यांना काही बोलू नकोस हं. मी दुसरं पान लिहायला घेतलंय. नियम एकही पाळलेला नाही, कात्रीला महिनाभर सहज पुरेल."