खडकीचे मामा

नदी ओलांडून रहाटणीची शीव लागली तशी यशोदेनं पदर सारखा केला आणि नवऱ्याला विचारलं, "कुणी विचारलं तर मामांना आज काय झालंय म्हणून सांगायचं?"

"दमा," ज्योतीराम म्हणाला. "दमा लवकर बरा होत नाही."

खडकीला त्यांचे कुणी मामा नव्हते. तिथे चर्च होतं. दर रविवारी दोघं पिंपरीहून रेल्वेनं सकाळच्या उपासनेला जात आणि दुपार कलायच्या आत परतत. ज्योतीराम नगरकडचा, मिशनच्या शाळेत लोखंडकाम शिकलेला. पिंपरीत नवा कारखाना उभा राहत होता, तिथे तो फिटर होता. रहाटणीत दौलतरावांच्या परसातली खोली भाड्यानं घेताना त्यानं नाव खरं सांगितलं, गाव खरं सांगितलं. धर्म कुणी विचारला नाही, त्यानंही सांगितला नाही.

आधीच्या गावात सांगितला होता. तिसऱ्या दिवशी विहिरीवर यशोदेची घागर कुणीतरी लाथेनं उडवली. आठवड्यानं त्यांचं बिऱ्हाड रस्त्यावर आलं. डोक्यावर ट्रंक घेऊन चार मैल चालताना यशोदेचं तीन महिन्यांचं पोट पडलं. आता पुन्हा आठवा महिना लागला होता.

"मला हे खोटं बोलणं जमत नाही," ती वाटेत म्हणाली. "प्रार्थना करून उठायचं आणि घरी येईपर्यंत मामाला दमा."

"बाळंत हो. मग बघू."

त्याला भीती होती ती दौलतरावांच्या आईची. अंबुबाई सत्तरीला आल्या होत्या, बोलणं कमी. दिवसभर ओसरीवर बसून त्या परसाकडे बघत. मागच्या महिन्यात यशोदा धुणं धुताना उपासनेतलं गाणं गुणगुणत होती. मान वर केली तर म्हातारी काठी टेकून समोर उभी.

"काय म्हणत व्हतीस?"

"काही नाही. ओवी."

"परत म्हण."

यशोदेनं मान खाली घालून धुणं पिळायला घेतलं. म्हातारी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली आणि निघून गेली. त्या दिवसापासून ज्योतीरामनं घरात गाणं बंद केलं. प्रार्थनाही ते ओठातल्या ओठात करू लागले. चार दिवसांपूर्वी अंबुबाई तापानं अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं. त्याची त्याला लाजही वाटली.

खोलीशी पोचले तर दौलतरावांची बायको शालनबाई दारातच उभी होती. ती रोज यशोदेची विचारपूस करायची. आज तिनं नजर चुकवली.

"घरीच थांबा," ती म्हणाली. "मालकांना बोलायचंय."

ज्योतीरामनं ट्रंक ओढून मधोमध ठेवली आणि कपडे भरायला घेतले. यशोदा भिंतीला टेकून बसली. तिचे पाय सुजले होते. चार मैल ती आता चालू शकणार नव्हती, हे दोघांनाही कळत होतं.

"विचारलं तर मी बोलेन," तो म्हणाला. "तू बाहेर येऊ नकोस."

दिवस कलताना दौलतराव आले. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ मारुतराव होता. मारुतरावानं आधी परसाचं फाटक ओढून कडी लावली, मग पलीकडच्या वाड्याकडे कुणी आहे का ते बघितलं. ज्योतीराम उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहिला.

"एक विचारतो," दौलतराव म्हणाले. "खरं सांगायचं. तुमी किरिस्ताव हाय का?"

"नाही."

"आई म्हणती, हाय."

"म्हाताऱ्या माणसाला तापात काहीही वाटतं, दौलतराव."

दौलतरावांनी मूठ उघडली. तळहातावर देव्हाऱ्यातला भंडारा होता. "मग ह्यो उचला आन् सांगा. मला पक्कं कळाया पायजे."

ज्योतीरामनं त्या पिवळ्या चिमटीकडे पाहिलं. मागे खोलीत यशोदेचा श्वास ऐकू येत होता. तिच्यासाठीच करतोय, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि हात पुढे केला.

"उचलू नका," यशोदा म्हणाली.

ती चौकटीला धरून बाहेर आली होती. एक हात पोटावर होता. तिनं सगळं बोलून टाकलं. "आम्ही ख्रिस्ती आहोत. दोघंही. मामा कुणी नाहीत, आम्ही उपासनेला जातो. आम्ही निघतो, पण आज मला चालवत नाही. सकाळपर्यंत थांबू द्या."

ज्योतीरामनं तिला मागे ओढलं आणि तो तिच्यापुढे उभा राहिला. मारुतराव जवळ आला तसे त्यानं डोळे मिटून घेतले.

"हळू बोला," मारुतराव पुटपुटला. "पल्याड ऐकू जातंय."

दौलतरावांनी मूठ मिटली. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मोठ्या दुष्काळात आई मिशनात गेली, तिथंच वाढली," ते म्हणाले. "चुलत्यानं माघारी आणून लगीन लावलं. आमच्या बापालाबी ठावं नव्हतं. आज पहाटं बोलली. आता घास घेत न्हाई, पाणी घेत न्हाई. म्हणती, माझ्या देवाचं कुणीतरी उशाला बसवा, मग जाते. चला, बाई." त्यांनी फाटकाकडे एकदा बघितलं आणि यशोदेपुढे हात जोडले. "पर गावात कुणाला बोलू नका. आमाला हितं ऱ्हायचंय."