उलटा तांब्या

पोरांनो, डोळ्यांसमोर आणा बघू: घरामागे लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा, त्याला लागून हळदीचा छोटासा वाफा आणि तिथे तांब्या घेऊन उभी असलेली सात वर्षांची शाल्मली. वाफा तिचा एकटीचा. उन्हाळ्यात आजोबांनी शिकवलं होतं, "पान मलूल दिसलं की तांब्याभर पाणी."

पावसाळ्यात हळद तिच्या खांद्याला लागली. थंडीत मात्र पानं पिवळी पडायला लागली. तिने तांब्याभर पाणी घातलं. पानं आणखी पिवळी. मग दोन तांबे घातले. आणखीच पिवळी!

आजोबा डेकच्या कोरड्या फळ्यांना फडक्याने तेल चोळत होते. म्हणाले, "पाणी बंद कर आता."

"पण तुम्हीच सांगितलं होतंत ना, घाल म्हणून?"

"तेव्हा उन्हाळा होता, शालू."

तिला काहीच कळेना. तरी तिने पाणी बंद केलं, आणि पंधरा दिवसांत पानं सुकून आडवी झाली.

"मी मारली माझी हळद," ती मुसमुसली.

आजोबांनी तिच्या हातात खुरपं दिलं. "उकर."

"मेलेली कशाला उकरायची?"

"उकर तर खरी!"

मातीतून टोपलीभर कंद निघाले. एक मोडला, तर आत लख्ख केशरी.

"पानांनी सगळा साठा खाली ठेवला, मग ती सुकली. आता कंद झोपतो, पाणी घातलं तर कुजतो," आजोबा म्हणाले.

शाल्मलीने टोपलीतले कंद एकेक करून चाचपले. मग तिने सगळ्यात जाड कंद परत मातीत पुरला आणि त्यावर आपला तांब्या उलटा ठेवला. कुणी चुकूनही पाणी घालू नये म्हणून.