माझं शून्य

दवाखान्यातून बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिच्याच नोंदी पक्क्या वहीत उतरवत होतो. ती गावोगावच्या विहिरींच्या पाण्यातलं फ्लोराइड तपासायची. तिनं २.० लिहिलं की मी नुसतं २ लिहायचो.

एकदा तिनं पकडलं. “अहो, माझं शून्य कुठं खाल्लंत?”

“दोन ते दोनच की!”

“वा, शहाणेच आहात! २ म्हणजे पट्टीचा रंग बघून केलेला अंदाज. २.० म्हणजे यंत्रावर नीट मोजलेलं.”

मी हसलो आणि पुढंही तसंच लिहीत राहिलो. उतरवून झालेले तिचे कच्चे कागद बंबात घातले.

आता वही उघडली की ती शून्य मागते. कुठल्या विहिरीचं पाणी तिनं खरंच मोजलं होतं, मला सांगता येत नाही. वही अजून तिच्या कार्यालयात दिलेली नाही.