सत्तावीसवर ठेवा

"हा नको. दुसरा दाखवा," म्हणत गोकुळानं फडक्यात गुंडाळलेला हीटर काउंटरवर ठेवला.

गडचिरोलीत चामोर्शी रोडवर खुशालचं रंगीत माशांचं दुकान आहे. दुसऱ्या दुकानातला माल बिघडून समोर आला की खुशालचा दिवस चांगला जातो. त्यानं हौसेनं फडकं उलगडलं आणि नळीवरचा आकडा वाचला.

"तीनशे वॉट! टाकी केवढी हाय बाई तुमची?"

"दोन फुटी."

"मग यानं काय लग्नाच्या पंगतीचं पानी तापवत होत्या का?"

गोकुळा हसली नाही. ती सावली गावच्या बाजारात मासे विकते. आज टोपलं घरीच ठेवून पहिल्या बसनं आली होती.

"आतला काटा अडकला. बंदच झाला नाई. सहा एंजल मासे होते, शिजले. मामाजीच्या डोयाफुडं."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, डोमा. जन्मभर तलावात जाळं टाकलेला माणूस.

"त्यायले लकवा मारला हाय. उजवी बाजू गेली, बोलनं गेलं. घरच्यानं टाकी आनली, का बाप निदान मासे तं पाहीन. दोन वर्सं खाटीवरून पाह्यत होते. आता भिताडाकडं तोंड करून राह्यते. आठ दिस झाले, दोन घासाच्या वर भात जात नाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मासे मी आजच नेतो. पन दुसऱ्या डाव मेले तं मामाजी ऱ्हात नाई. मले बिघडनार नाई असा हीटर द्या."

"बिघडनार नाई असा हीटर कोनी बनवतच नाई," खुशाल म्हणाला. दुकानदाराच्या तोंडी हे वाक्य सहसा येत नाही, म्हणून गोकुळा नीट ऐकू लागली.

त्यानं एक बोटभर लांबीचा हीटर काढला. "हा पन्नासचा. तुमच्या टाकीले लय झाला. तीनशेचा अडकला तं दोन-तीन घंट्यात मासे शिजवते. हा अडकला तं पानी हळू तापन, तुमाले सुगावा लागन." मग त्यानं लाल आकड्यांचा एक डबा शेजारी ठेवला. "आन हा कंट्रोलर. याची ही तार पान्यात सोडाची. पानी तापलं का हा हीटरची लाइनच तोडते. हीटरले अठ्ठावीसवर ठेवा, याले सत्तावीसवर ठेवा. एक चुकला तं दुसरा हाय."

"म्हंजे तलावाच्या पारीले दोन सांडवे."

"तसंच समजा."

"आन दोन्ही तुंबले तं?"

दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं, हे खुशालला ठाऊक होतं. तो चिडला नाही. "तं हा बोंबलते. तीसच्या वर आकडा गेला का पिपी वाजते. फक्त ही तार पान्याभाईर पडू देऊ नका. थंड्या हवेत लटकली का याले वाटते पानीच थंडं हाय, आन तापवतच बसते. बुडात चिपकवून टाका."

गोकुळानं तार बोटांत धरून पाहिली. टोकाशी मुगाएवढी धातूची घुंडी होती.

"येवढीशी?"

"येवढीशीच. तुमी आतापर्यंत कशानं पाह्यत होत्या?"

"हातानं."

"हातानं काय समजते बाई!"

"सगळंच समजते," ती जरा रागानंच म्हणाली. "कोनत्या पान्यात मासा वर येते, कोनत्या पान्यात गाळात बसते, आमाले हातच सांगते. पोटं भरली त्याच्यावर."

"मग त्या दिशी काऊन नाई सांगतलं?"

काउंटरवर ठेवलेला हात तिनं खाली घेतला. तिला शरम वाटत होती, आणि ती लपवण्याइतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"सकारी बाजाराची पेटी भरून राह्यली होती. बर्फ फोडून फोडून हात बधिर. तसाच टाकीत घातला. पानी गरम लागलं. पन बर्फातून काढलेल्या हाताले सगळंच गरम लागते ना. रोजच लागते."

खुशालनं आकड्यांचा डबा तिच्याकडे सरकवला. "म्हनून हे पाहाचं. याले बर्फ नाई लागत."

त्यानं हीटर, कंट्रोलर आणि पाण्याच्या पिशवीत सहा एंजल बांधून दिले. गोकुळा मात्र हलेना.

"एक घंटी पन पाह्यजे. दाराले लावते तशी. बटन मामाजीच्या डाव्या हातापाशी बसवीन."

"घंटी बाजूच्या लाइटवाल्याकडं भेटन. पन तुमाले काऊन? हा आपोआप वाजते ना."

"वाजू द्या. तरी पाह्यजे."

खुशालनं बाजूच्या दुकानाकडे पाहत आवाज दिला, मग वळून विचारलं, "आवाज कुठंवर जाले पाह्यजे? बाजारापर्यंत तं कोनतीच घंटी जात नाई."

"दूर नाई," गोकुळा म्हणाली. "त्या दिशी मामाजी टाकीकडं पाहून आँ-आँ करून राह्यले होते. मले वाटलं चहा मांगते; म्हनलं, बाजारातून आल्यावर देतो. खाटीपाशीच उभी होती मी."