शेगडीचं बटण

कुमुदने माऊस सरकवला आणि स्क्रीनवरचं दार पुन्हा उघडलं. जिना दिसला, पण दोन पायऱ्या उतरताच ती परत स्वयंपाकघरातच उभी होती.

“हे घर तुमच्या मिस्टरांच्या मेंदूने उभं केलंय,” डॉक्टर तांबोळी म्हणाल्या. “तुम्ही त्यांच्या नजरेने चालताय. जिना उतरलात की ते शुद्धीवर येतील. पण ते स्वतःच मागे वळतायत. का, ते लवकर शोधा, सिग्नल मंदावतोय.”

शेजारच्या पलंगावर दिगंबर निपचित पडला होता. कुमुदने भराभर खिडक्या लावल्या, नळ बंद केले, देवापुढची समई शांत केली. दार उघडलं. परत तेच स्वयंपाकघर.

मग तिला शेगडी दिसली. गावाला निघताना कुलूप लावून झालं, की दिगंबर हमखास गॅस बघायला जिन्यातून परत यायचा आणि ती चिडायची.

शेगडी बंदच होती. तरी तिने बटण पिळून पाहिलं, बाहेर येऊन कुलूप ओढून पाहिलं आणि माइकजवळ तोंड नेलं.

“अहो, गॅस बंद आहे. मी बघितलाय. चला आता.”

पायऱ्या एकेक करून मागे पडू लागल्या. मध्येच स्क्रीन काळा झाला. कुमुद दचकून वळली.

पलंगावरून घोगरा आवाज आला, “नक्की?”