हात धरायला माणूस

"आपल्या घराण्यात हाड मोडत नाही, आपटलेला दगड मोडतो," झुलाल आबांनी ओसरीत जाहीर केलं. वाक्याला शोभेल असं ताठ उभं राहायला गेले, ते थेट सुनेनं वाळत घातलेल्या कुरडयांवर बसले.

जळगावच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं. "प्रोस्टेटच्या या गोळीनं लघवी मोकळी होते, पण उठताना रक्तदाब एकदम उतरतो. त्यात तुमची हाडं ठिसूळ झालीत. पडलात की खुबा गेला म्हणून समजा. उठताना हात धरायला माणूस हवं."

चोपड्याजवळच्या त्या घरात माणसं होती, पण केळीची कापणी चालू होती. थोरल्या नवलनं धुळ्याला धाकट्या प्रेमराजला फोन केला, "आईला पाठव."

चार वर्षांपूर्वी भावांची वाटणी झाली तेव्हा आबा नवलच्या वाट्याला आले, भागाबाई प्रेमराजच्या. विहीर तेवढी सामाईक राहिली. तेव्हापासून नवरा-बायकोचं बोलणं दर रविवारी, सुनेच्या फोनवर, स्पीकर लावून.

"जेवनी का?"

"जेवनू. तुमी?"

फोन बंद झाला तरी आबा तो परत द्यायला जरा वेळ लावत.

भागाबाई आल्या त्या तोंड फुगवूनच. "तठे नात शाळामाईन येस, तिले कोन देखी? आन मी आठे म्हताराले धरीसन बसू."

पण धरत. रोज सकाळी मनगट धरून त्या आबांना अंगणातल्या निंबापर्यंत नेत. आबा इतके सावकाश चालत की निंब महिन्याभरात चार शेतं लांब गेला असावा.

मग डॉक्टरांनी गोळी बदलली. "हिनं सहसा चक्कर येत नाही. आठ दिवस बघा, मग बाईंना धुळ्याला जायला हरकत नाही."

"जुनीच बरी होती," आबा म्हणाले.

"लघवीला?"

आबा पंख्याकडे बघत राहिले.

आठ दिवस चक्कर आली नाही. नवव्या दिवशी भागाबाईंनी पिशवी भरली. नातीसाठी शेव घेतली. "आते तुमनं तुमी उठा," त्या पिशवीला गाठ मारत म्हणाल्या. वर पाहिलं नाही.

साडेदहाची बस होती. नवलनं मोटारसायकल काढली. आबा निरोप द्यायला उठले, त्यांचे डोळे मिटले आणि घड लागलेल्या केळीसारखे ते कलंडले. भागाबाईंनी पिशवी टाकून त्यांना वरच्या वर झेललं.

नवल पांढराफटक पडला. तिथूनच त्यानं धुळ्याला फोन लावला. "आई येत नाही रे. आबांना पुन्हा चक्कर. कधी येईल ते नाही सांगता येणार." गाडी आत लावून तो मळ्याकडे गेला.

भागाबाईंनी आबांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं. नवल वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत त्या रस्त्याकडे बघत होत्या.

मग हळूच म्हणाल्या, "आते रविवारले प्रेमराज सोता मले लेवाले येई. तवय मना डावीकडे पडा. मना उजवा खांदा दुखस."